दोनदा उमटलेला गेंडा

मी बँकेत कॅशियर आहे, मालवण तालुक्यातल्या एका लहान शाखेत. लोक माझ्याकडे पैसे भरायला येतात, काढायला येतात आणि अलीकडे नाणी दाखवायलाही येतात. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ फिरत असतो, की तुमच्या घरात असं नाणं असेल तर तुमचं नशीब उघडलं. मग दुपारी गर्दी ओसरली की कोणी तरी काचेजवळ येऊन मूठ उघडतं.

"सायबानु, ह्यां जरा बघा. हेका काठच नाय."

मी नाणं हातात घेऊन बघतो. चेपून लांबट झालेलं असतं, वरचे सिंह पसरून मांजरासारखे झालेले असतात.

"कुडाळाक रुळार ठेवललंस मां ह्यां?"

माणूस मान खाली घालतो. मागे कोणी तरी उभा असतोच. "रेल्वेन तुका लखपती केल्यान रे! आता तिकीट तरी काढ."

हसणं होतं, माणूसही हसतो आणि नाणं परत खिशात टाकतो. पण जाताना त्याचा चेहरा पडलेला असतो, तो मला दिसतो. मी त्याला काही देऊ शकत नाही. फक्त नाही म्हणू शकतो.

मला हे सगळं कोणी शिकवलं नाही. जत्रेनंतर दानपेट्यांमधली नाणी गोण्या भरून शाखेत येतात, ती निवडताना डोळे तयार झाले. भिंग मात्र मला मसुऱ्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दिलं होतं. आमच्या घरातला मी पहिला दहावी पास झालेला मुलगा. सर म्हणाले होते, "पेढे आमच्याकडे सगळेच देतात, तू हे घे." ते भिंग अजून माझ्या शर्टाच्या खिशात असतं. सरांचे उपकार मी फेडू शकणार नाही, पण भिंगाची काच रोज पुसतो.

नाण्यावरची टांकसाळीतली चूक ही जन्मखुणेसारखी असते. नाणं घडतानाच ती घडते. नंतर जे होतं ते सगळं जखमेत मोडतं. दोन्ही वरवर सारखी दिसतात, म्हणून लोक फसतात. कोरी चकती कापताना तिचा एखादा तुकडा चंद्रकोरीसारखा तुटून गेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरचा काठही नीट उठत नाही, बसका राहतो. घरी कानशीने घासलेल्या नाण्याचा समोरचा काठ मात्र ठणठणीत असतो, आणि घासलेल्या जागी बारीक ओरखडे असतात. पिवळं पाच रुपयांचं नाणं तांबूस दिसतं म्हणून एक आजी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते देवाच्या तांब्याबरोबर कोकमाच्या आगळात रात्रभर भिजत घातलं होतं. आंबटाने वरचं जस्त खाल्लं आणि तांबं उघडं पडलं. त्यात कोणाचीच चूक नव्हती. देव घासायची आमच्याकडची रीतच ती.

एवढं ज्ञान मला होतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्याचा उपयोग एक दिवस घरातच करावा लागेल, असं वाटलं नव्हतं.

माझ्या वडिलांचं घर मसुऱ्याला खाडीकाठी. वडील खाडीत जाळं टाकायचे. त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, लग्नानंतर मालवणला समुद्रावर राहायला गेले. कॉलेज मालवणला, म्हणून बारावीनंतर मी काका-काकीकडे राहायला आलो आणि तिथलाच झालो. त्यांना मूल नव्हतं. काका पहाटे होडी घेऊन जायचे, काकी मासे पाटीत भरून एसटीने कट्टा गावच्या बाजाराला जायची. माझी फी, पुस्तकं, परीक्षेला घालायचे बूट, सगळं त्या पाटीतून आलं. अभ्यासात कंटाळा केला की काकी म्हणायची, "शिकूचा नाय तर सांग. उद्यापासून पाटी तुझ्या डोक्यार. कट्ट्यातल्या बायकांवांगडा भांडूक शिकवतंय तुका, तिथे पदवी लागणां नाय."

मी पदवीधर झालो तेव्हा काकीने निकालाचा कागद दोन्ही हातांनी धरून बघितला होता. तिला वाचता येत नाही. पण कागद सरळ धरलाय की उलटा, हे तिने आधी मला विचारून घेतलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना काकांनी नवी होडी बांधून घेतली. लाकडाची, एक माणूस वल्हवेल एवढी, मागे लहान इंजिन बसेल अशी. वालावलचा एक म्हातारा मेस्त्री येऊन आमच्या घराजवळच्या वाळूत, माडाच्या चुडतांचा मांडव घालून काम करायचा. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तळाच्या लाकडावर जिथे बसते तिथे तो एक लहानशी खोबण ठेवायचा. त्या खोबणीत शकुनाचा सव्वा रुपया घालायचा. खाली रुपया, वर चार आणे, त्यावर लोखंडाचा तुकडा, आणि मालकाने स्वतःच्या हाताने वर घण मारायचा, की नाणी लाकडात घट्ट बसतात. मग मेस्त्री वरून लाकडाची गुडदी, म्हणजे बूच, ठोकून राळेने तोंड बंद करतो. त्यानंतर ती नाणी कोणाला दिसत नाहीत. होडी असेपर्यंत ती होडीच्या पोटात राहतात.

तेव्हा चार आणे चलनातून बंद झालेले होते. मेस्त्री म्हणाला, "दोन रुपये घाला नायतर अकरा घाला, आता सगळे तसांच करतत." काकी ऐकेना. "सव्वा म्हणजे सव्वा. देवाक काय सुट्टे नायत म्हणान सांगतलंस?" असं म्हणत तिने घरातले डबे पालथे घातले आणि चार आण्याचं एक नाणं शोधून आणलं. त्याच्यावर गेंडा होता. रुपया मात्र जुना, जाड, कणसांच्या छापाचा.

काकांनी घण मारला तो तिरका बसला. वरचे चार आणे सटकले. मेस्त्रीने लोखंड उचलून बघितलं, तर रुपयावर काठाजवळ गेंडा उमटला होता आणि चार आणे बाजूला पडले होते. जमलेल्यांपैकी कोणी तरी ओरडलं, "गेंडो पळालो रे!" काकी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. काकांनी सरळ चेहऱ्याने नाणं पुन्हा मधोमध ठेवलं. "पळान खंय जातलो? आमच्याच होडयेत रवतलो," म्हणाले, आणि दुसरा घण जोरात मारला.

त्या होडीने मला शिकवलं. मला नोकरी लागली त्या वर्षीही काका तीच होडी घेऊन जात होते. मी म्हटलं, "काका, आता आराम करा." ते म्हणाले, "तुझ्या बँकेत माका काय काम देतलंस? पंख्याखाली बसूचा?"

एका सकाळी ते गेले आणि आले नाहीत. वारा अचानक फिरला होता. बाकीच्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. वाडीतल्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या, सरकारी बोट गेली, खाली गोव्यापर्यंत निरोप गेले. काहीच मिळालं नाही, एक वल्हंसुद्धा नाही. मी काकीबरोबर वाळूत उभा राहायचो. पोहायला मला येत नाही. इतकी वर्षं समुद्राच्या पैशांवर शिकलो, पण समुद्रात पाऊल टाकायला मला कोणी दिलं नव्हतं. मी फक्त अर्ज लिहू शकत होतो. ते मी बरेच लिहिले.

वर्षं गेली. काकीने मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू पुसलं नाही. वटपौर्णिमेला ती वडाला जाते. नारळीपौर्णिमेला होडीवाल्या घरांतली माणसं समुद्रात नारळ सोडतात, तेव्हा तीही आपला नारळ सोडते. वाडीतले लोक बघतात, पण तोंडावर कोणी बोलत नाही. माझे वडील मात्र गेल्या वर्षी येऊन बसले. देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, ती करून घेऊया, असं त्यांचं म्हणणं होतं. भाऊ असा लटकत राहिला की घरात कसलंच शुभकार्य धड होत नाही, असं त्यांना वाटतं. माझं लग्न त्यांच्या मनात असावं.

काकी भाताचं पातेलं पुसत होती. ती पुसतच म्हणाली, "भावजी, तेंच्या होडयेचो एक फळो आणून दाखवा. फळो नाय तर एक खिळो दाखवा. मगे माका कोणी सांगूक नको, मी आपणाहून मणी काढून ठेवतंय. तवसर ह्या घरात तां नाव काढूचा नाय."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मी शिकलेला, म्हणजे मी काही तरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. पण खिळा आणायचा कुठून?

यंदा पावसाळ्यात समुद्राने खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा पार उसकून काढला. पाऊस थांबल्यावर ओहोटीला बायका तिथे मुळे काढायला जाऊ लागल्या. मुळे म्हणजे वाळूत सापडणारे शिंपले. एका रविवारी दुपारी आमची शेजारीण, काकीबरोबर कट्ट्याला मासे विकायला जाणारी, ओल्या लुगड्यानेच आमच्या पडवीत आली. मूठ बंद होती.

"गो, बघ माका काय गावला तां. मुळे काढूक गेलंय नि नशीब गावला. माझो झील म्हणता, असल्या नाण्याचे लाख रुपये देतत. हेच्यार दोन-दोन छाप आसत."

काकीने हात पुढे केला. जुना जाड रुपया होता. बाजूने काळपट झालेला, पण वाळूने घासून वरचा भाग स्वच्छ झालेला.

"काय तरी जनावर दिसता गो," शेजारीण म्हणाली. "डुक्कर काय तां? माझो झील म्हणता हत्ती."

"गेंडो," काकी म्हणाली.

काकीला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. चष्मा आत होता. तिने नाण्यावर अंगठा फिरवला होता, एवढंच.

मग तिने ते माझ्यासमोर धरलं. "झिला, तुझा भिंग काढ. टांकसाळीत अशी चूक होता काय ती बघ."

मी भिंग काढलं. नाणं मांडीवर ठेवून वाकून बघितलं. कणसांच्या बाजूवर एक गेंडा होता, काठाजवळ, अर्धवट. त्याच्या शेजारी मध्यावर दुसरा, खोल आणि स्पष्ट. दोघेही उठलेले नव्हते, आत रुतलेले होते, आणि चार आण्यावर गेंड्याचं तोंड जिकडे असतं त्याच्या उलट दिशेला त्यांची तोंडं होती.

मी चूकच शोधत होतो. इतक्या जणांना नाही म्हटलं, पण या एका नाण्याला हो म्हणता यावं म्हणून मी मनातल्या मनात सगळं उलगडून बघत होतो. टांकसाळीतही असं रुतलेलं, उलटं चित्र उमटू शकतं. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि नवी चकती त्याच्यावर दाबली गेली, तर तसं होतं. पण तेव्हा चिकटलेलं नाणं त्याच जातीचं असतं, आणि त्याचं चित्र काठापासून काठापर्यंत सगळी बाजू व्यापून टाकतं. खाली मूळचा छाप उरतच नाही, कारण तो कधी पडलेलाच नसतो. इथे गेंड्याच्या पोटाखालून कणसाचे दाणे दिसत होते, चेपलेले, पण होते. म्हणजे आधी रुपया पूर्ण घडला, बाजारात गेला, हाताळला गेला, आणि मग कोणी तरी त्याच्यावर चार आणे ठेवून जोरात मारलं. मी नाणं उलटं केलं. गेंड्याच्या बरोबर मागे सिंहांची छाती बसकी झाली होती. ती जखम होती, जन्मखूण नव्हे. आणि ती दोनदा झालेली होती.

"काय रे?" शेजारणीने विचारलं. "किती लाख?"

"नीट बघूक व्हया," मी म्हणालो. "हंय उजेड नाय."

"दुपारच्या उन्हात उजेड नाय म्हणता गो ह्यो! बँकेतली ट्यूब लायल्याशिवाय ह्या लोकांका दिसणां नाय." तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "ने बँकेत. पण पावती दी हां माका. नायतर म्हणशीत, खंयचो रुपयो नि खंयचो गेंडो."

ती हसत गेली. काकी मुळे धुवायला मागच्या दारी गेली. मी भिंग मिटून खिशात ठेवलं, आणि त्या दिवशी घरात नाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. जेवताना काकीने मला जास्तीचे मुळे वाढले, नेहमीसारखे.

पुढचे काही दिवस मी ते नाणं शाखेत नेत होतो आणि परत आणत होतो. दुपारी काउंटर रिकामा झाला की भिंगातून बघायचो. जितकं जास्त बघावं तितकं ते आणखी स्पष्ट होत गेलं. ज्ञानाचा असा राग मला यापूर्वी कधी आला नव्हता. मला हे कळत नसतं, तर मीही शेजारणीच्या मुलासारखा 'हत्ती' म्हणून मोकळा झालो असतो.

एकच वाट उरली होती. घणाने ठोकलेला असला, तरी तो आमच्याच होडीचा कशावरून? चार आणे चलनात होते तेव्हाच्या कितीतरी जुन्या होड्यांच्या पोटात गेंडे असतील. त्यांतल्या काही बुडाल्या, काही कुजल्या. पण दोनदा उमटलेला? मी सुट्टी काढून वालावलला गेलो.

मेस्त्री आता फार म्हातारा झालाय. खाडीच्या बाजूला घराच्या ओट्यावर बसून असतो. ऐकू कमी येतं. मी ओरडून ओळख सांगितली, कोणाचा पुतण्या ते सांगितलं. त्याने मान हलवली. मी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते बघितलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि विचारलं, "खंय गावला?"

"खाडयेच्या मुखार. वाळूत."

"कोणाक?"

"शेजारणीक."

"काकयेन बघल्यान?"

"बघल्यान."

त्याने नाणं मला परत दिलं. आतून त्याच्या सुनेने चहा आणून ठेवला. मग तो म्हणाला, "मी सगळ्याच होडयांक दोनदा ठोकूक लावतंय. पयलो घाव देवाचो, दुसरो मालकाचो. अशे रुपये मेलो समुद्र भरान आसत. कोणाच्याय होडयेचो असात."

"पण आमच्या वेळेक तर पयलो घाव चुकलो म्हणान दुसरो..."

"चाय घे," तो म्हणाला. "थंड जाता."

चहा गरमच होता. मी तो प्यालो. त्याचं म्हणणं खरं असेल तर काकीच्या हातात अजून काही तरी उरत होतं. पण तो खरं बोलला की मला चहाबरोबर काही तरी देऊन पाठवत होता, हे मला कळलं नाही. त्याला पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. निघताना मी त्याच्या पायांना हात लावला. तो म्हणाला, "काकयेक सांग, म्हातारो अजून आसा."

मी घरी आलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. काकी पडवीत बसून उरलेले बांगडे कापत होती, आणि शेजारीण समोर पाय पसरून बसली होती.

"इलो बँकवालो," शेजारीण म्हणाली. "सांग आता. माझो झील फोन हातात धरून बसलोहा. एका माणसाचो मेसेज पण इलोहा. म्हणता, टांकसाळीतली चूक असात तर आधी फी भरा, मगे घरी येवन घेवन जातलंय."

"कोणाक एक पयसो पाठवू नको," मी म्हणालो. "ते लोक फसवतत."

"बरां, नाय पाठवणंय. पण नाण्याचा काय तां सांग. टांकसाळीतली चूक, की आपली कोणाची तरी फुकटची मस्ती?"

काकीची सुरी थांबली होती.

मी काय म्हणू शकत होतो, ते तेव्हा मला एकदम दिसलं. टांकसाळीतली चूक म्हटलं, तर काकीला मागितलेली खूण मिळाली असं होणार नाही. तिचे मणी गळ्यात राहतील. पण मग नाणं लाखाचं ठरेल, आणि शेजारीण ते घेऊन जाईल. विकलं जाईपर्यंत ते तिच्या मुलाच्या मोबाइलवर गावोगाव फिरेल. ठोकलेलं म्हटलं, तर नाणं रुपयाचंही उरणार नाही, शेजारीण ते इथेच टाकून जाईल आणि काकीकडे राहील. पण मग ते कोणी ठोकलं, हा प्रश्नही काकीकडेच राहील. मला दोन्हींतलं काही तिच्यासाठी निवडता येत नव्हतं. नाणं अजून माझ्याच मुठीत होतं.

"काकी," मी म्हणालो, "मी वालावलाक गेललंय. मेस्त्री म्हणता, तो सगळ्याच होडयांक दोनदा ठोकता. कोणाच्याय होडयेचो असात तो."

"मेस्त्री चांगलो माणूस," काकी म्हणाली.

शेजारीण माझ्याकडे बघत होती, मग काकीकडे. "होडयेचो? म्हणजे...?" काका गेले त्या सकाळी तीच काकीला धरून वाळूत बसली होती.

काकीने हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. मी नाणं त्यावर ठेवलं.

"चूक नाय गो ती," काकी शेजारणीला म्हणाली. "टांकसाळीत कोणी चुकाक नाय. ठोकलेलो आसा. ह्यो काय इकलो जावचो नाय. माझ्याकडे रवांदे?"

"रवांदे, रवांदे," शेजारीण घाईघाईने उठली. "माका काय करूचो आसा तो? झिलाक सांगतंय, हरवलो." ती पायरीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. काकीने कापलेल्या बांगड्यांतला अर्धा वाटा केळीच्या पानात बांधून तिला दिला. शेजारीण नको म्हणाली. काकी म्हणाली, "नाण्याचे नाय गो. असेच घे." मग तिने घेतला आणि डोळे पुसत गेली.

काकी पुन्हा बसली. अंगठा नाण्यावर होता.

"ह्यां पुसान जाणां नाय मां?" तिने विचारलं. "राखेन, कोकमान?"

"नाय काकी. धातू एकदा हललो की परत जाग्यार येणां नाय."

"बरां."

समुद्राकडून कोणाची तरी होडी वर ओढत असल्याचा हाकारा येत होता. ती तो संपेपर्यंत ऐकत राहिली. मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण मी खांबाला टेकून उभाच होतो. इतकी वर्षं तिने मला जे दिलं, त्याच्या बदल्यात मी तिला काय दिलं तर एका नाण्याची परीक्षा. आणि तीही तिने माझ्याआधी, चष्म्याशिवाय केली होती.

"बापाशीक फोन लाव," ती म्हणाली.

"आताच?"

"लाव."

मी लावला. मसुऱ्याला रेंज कमी असते, पण त्या दिवशी पहिल्याच खेपेला लागला. वडील म्हणाले, "हां, बोल." मी काकीकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "काय रे, काय झाला?"

काकीने डावा हात पुढे केला आणि फोन घेतला. उजव्या हाताचा अंगठा अजून गेंड्यावरच होता.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी येवा. खिळो मागितललंय मां, तो गावलो."